धोबीतलावाचे कारंजे नेमके कोणते, आणि मधली साठेक वर्षे ते कुठे होते?

ठाकुरद्वारकर:

नमस्कार मंडळी. घर आवरताना आमच्या आजोबांची १९४० च्या दशकातील काही पत्रे सापडली. आजोबा ठाकुरद्वारला राहत आणि फोर्टातल्या एका कचेरीत नोकरीला होते. धाकटा भाऊ पहिल्यांदाच मुंबईला यायचा होता, तेव्हा त्याला लिहिलेल्या पत्रात त्यांनी रस्ता समजावून सांगितला आहे: बोरीबंदरला गाडीतून उतरून धोबीतलावाकडे चालत ये, तेथे कारंज्यापाशी उभा राहा, मी कचेरी सुटली की येतो.

या एका ओळीवरून आमच्या घरी दोन तट पडले आहेत. काकांचे म्हणणे असे की मुंबईत कारंजे म्हणजे फ्लोरा फाउंटन, तेव्हा आजोबांनी घाईत धोबीतलाव लिहिले असावे. मला ते पटत नाही. बोरीबंदरहून ठाकुरद्वारला जायचे तर धोबीतलाव वाटेवरच लागतो, फ्लोरा फाउंटन मात्र अगदी उलट्या दिशेला, दक्षिणेकडे राहते. आणि या शहरात रोज पायी हिंडणारा माणूस नवख्या भावाला वाट सांगताना अशी चूक करील, हे मला संभवनीय वाटत नाही. पण माझीही एक अडचण आहे. माझे लहानपण १९८० च्या दशकात याच भागात गेले. मेट्रो सिनेमासमोरचा तो चौक मी हजारदा ओलांडला असेन, तेव्हा तेथे कारंजे नव्हते. आता मात्र काही वर्षांपासून तेथे एक उंच लोखंडी कारंजे उभे आहे, आणि जाणारे येणारे ते नवे आहे असेच समजतात.

तेव्हा आजोबांच्या पत्रातले कारंजे हेच का? हेच असेल तर माझ्या लहानपणी ते कुठे होते? आणि ज्या ठिकाणाला तलाव म्हणतात तेथे तलाव नसून कारंजे असावे, या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?

काळबादेवीकर:

आपला तर्क बरोबर आहे. आजोबांनी लिहिलेले कारंजे म्हणजे फिट्झजेराल्ड फाउंटन. सर विल्यम सीमोर फिट्झजेराल्ड १८६७ साली मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८७२ पर्यंत त्या पदावर होते. त्यांचे नाव दिलेले हे कारंजे १८६७ मध्येच धोबीतलावाच्या नाक्यावर उभे राहिले. सुमारे ४० फूट उंचीचा तो ओतीव लोखंडाचा मनोरा होता, खाली पाण्याची पात्रे आणि वर दिवे, म्हणजे पाणी आणि उजेड या दोन्ही गोष्टी एकाच खांबावर. शहरात गॅसची दिवाबत्ती १८६५ मध्ये सुरू झाली होती, हे लक्षात घेतले तर रात्री त्या नाक्यावर दिवे लागलेले पाहून त्या काळच्या माणसांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते.

१९६० च्या दशकात वाहतुकीला अडथळा होतो म्हणून ते उतरवण्यात आले. नाका तसा अवघडच आहे. काळबादेवी, प्रिन्सेस स्ट्रीट, गिरगाव रस्ता, कर्नाक रोड, क्रुकशँक रोड असे रस्ते येथे जवळजवळ एकमेकांच्या अंगावर येतात, आणि त्या काळी त्यात ट्रॅमचे रूळही होते. (मुंबईतली शेवटची ट्रॅम ३१ मार्च १९६४ रोजी धावली.) कारंज्याचे भाग भायखळ्याला, राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवले गेले. आपल्या लहानपणी ते तेथे होते. काही वर्षांपूर्वी महापालिकेने त्याची दुरुस्ती करवून ते पुन्हा याच नाक्यावर आणले, म्हणून आज दिसणारे कारंजे नवे नाही, परत आलेले आहे.

काकांना एक गोष्ट अवश्य सांगा, कारण फ्लोरा फाउंटनचाही या कथेत उलटा धागा आहे. फ्लोरा फाउंटन मुळात राणीच्या बागेसाठी योजलेले होते. त्यासाठी कर्सेटजी फर्दुनजी पारेख यांनी २०,००० रुपये दिले, आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकाम जेम्स फोर्सिथ यांचे, आणि दगड पोर्टलंडचा. १८६४ मध्ये प्रत्यक्षात ते उभे राहिले फोर्टात, किल्ल्याच्या पाडलेल्या चर्चगेट दरवाजाच्या जागी. म्हणजे बागेसाठी ठरलेले कारंजे नाक्यावर आले, आणि शंभरएक वर्षांनी नाक्यावरचे कारंजे बागेच्या शेजारी जाऊन पडले. धोबीतलावाचे नशीब एवढेच की ते परत आले.

जलखात्यातला:

मी महापालिकेच्या जलखात्यातून निवृत्त झालो आहे. वरील माहितीत भर घालावी असे वाटते ते आपल्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल, कारण तलाव आणि कारंजे यांचा संबंध आहे, आणि माझ्या मते तो समजल्याशिवाय या कारंज्याचे महत्त्वच कळत नाही.

आज आपण कारंज्याकडे शोभेची वस्तू म्हणून पाहतो. १८६७ साली शहराच्या ऐन वर्दळीच्या नाक्यावर, कोणी पोहरा न ओढता, पाणी आपोआप वर उडते आहे, हे पाहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचे आयुष्य विहिरी आणि तलाव यांवर गेलेले होते. त्यांच्यासाठी ते शोभेचे नव्हते. नळाचे पाणी खरोखर आले आहे आणि त्याला पुरेसा दाब आहे, याचा तो चारचौघांत मांडलेला पुरावा होता.

त्याआधीची स्थिती पाहा. मुंबई बेटावर नदी नाही. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांत समुद्राला मिळतो, आणि किनाऱ्याजवळच्या बहुतेक विहिरींचे पाणी मचूळ. गोड्या पाण्याची विहीर लागली तर ती पुण्याईचीच गोष्ट मानली जाई. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर आजही त्याच भावनेने जपली जाते. बाकी सारा भार तलावांवर होता. गोवालिया तलाव, कावसजी पटेल यांचा तलाव, खारा तलाव, बाबुला तलाव, दो टाकी ही नावे आज बसथांब्यांची आणि रस्त्यांची आहेत, पण एकेकाळी ती घागरी भरण्याची ठिकाणे होती.

धोबीतलाव त्यांतलाच. किल्ल्याबाहेरच्या मोकळ्या मैदानाच्या उत्तर टोकाला असलेल्या या तलावावर धोबी कपडे धूत, म्हणून ते नाव. फ्रामजी कावसजी बनाजी यांनी १८३१ मध्ये मोठी रक्कम खर्चून त्याची पुनर्बांधणी केली. १८३९ मध्ये सरकारने त्या तलावाला त्यांचे नाव दिले. फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या इमारतीवर त्याची नोंद असलेला शिलालेख आहे; जाता येता पाहता येईल अशा जागी आहे, तरी फार थोडे लोक थांबून वाचतात. सरकारी नाव फ्रामजींचे झाले, लोकांच्या तोंडी मात्र धोब्यांचेच राहिले.

लोकवस्ती वाढली तसे हे तलाव पुरेनासे झाले. १८५० च्या दशकाच्या मध्यावर पाणीटंचाई इतकी तीव्र झाली की बाहेरून पाणी आणवण्याची वेळ आली. तेव्हा हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्या खोऱ्यात विहार येथे मातीचे बांध घालून तलाव करण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले, आणि १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा झाले. विहारचे पाणी शहरापेक्षा उंचावर साठवलेले, त्यामुळे ते उताराने खाली येते आणि नळाच्या तोंडाशी त्याला जोर असतो. कारंजे उडते ते या उंचीच्या फरकावर. विहिरीच्या किंवा शेजारच्या तलावाच्या पाण्याने असे कारंजे चालवायचे तर सतत पंप हवा.

आता सालांची संगती लावून पाहा. विहार १८६०, फ्लोरा फाउंटन १८६४, वेलिंग्टन फाउंटन १८६५, फिट्झजेराल्ड १८६७. सात वर्षांत तीन मोठी कारंजी, आणि त्याखेरीज सर कावसजी जहांगीर रेडिमनी यांनी शहराला दिलेल्या ४० पाणपोया. हे सारे एकाच काळात झाले, कारण ते त्याआधी होऊच शकत नव्हते. त्यातही धोबीतलावाच्या काठी कारंजे उभारणे म्हणजे जुन्या पाण्याच्या शेजारी नवे पाणी आणून उभे करणे होते. काही वर्षे तरी लोकांनी ही दोन्ही पाणी एका नजरेत पाहिली असतील, हा विचार मला नोकरीत असताना त्या नाक्यावरून जाताना नेहमी येत असे.

तलाव पुढे बुजवले गेले. नळ आल्यावर त्यांची निगा कमी झाली, त्यांतले पाणी दूषित झाले, आणि हिवतापाचा प्रश्न उभा राहिला. १९११ मध्ये चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा अहवाल दिला आणि त्यात विहिरींतून वाढणाऱ्या डासांकडे बोट दाखवले. त्यानंतर कितीतरी विहिरी झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. आपल्या आजोबांच्या भावाला म्हणूनच तलावाच्या नावाच्या ठिकाणी तलाव दिसला नसता, कारंजे दिसले असते.

मांडवीकर:

जलखात्यातल्या काकांच्या मजकुराला एक छोटी पुरवणी. शहरातील सगळी कारंजी गव्हर्नरांच्या नावाची नव्हती आणि सगळी साहेबांच्या वस्तीतही नव्हती. आमच्या भात बाजारात केशवजी नायक यांनी बांधवलेले १८७६ चे कारंजे आहे. बाजारात माल वाहणारी माणसे आणि बैल दोघांनाही तेथे पाणी मिळावे ही त्यामागची दृष्टी होती. मिंट रोडवरचे रतनसी मुळजी जेठा यांचे १८९४ चे कारंजे तर एका बापाने गेलेल्या मुलाच्या आठवणीसाठी उभे केलेले आहे. वर पुस्तक वाचत बसलेला मुलगा आहे, आणि आराखडा बोरीबंदरचे स्थानक उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा. तहानलेल्याला पाणी देणे हे आपल्याकडे पाणपोईच्या रूपाने फार जुने पुण्यकर्म आहे. नळ आल्यावर त्या कर्माला दगडाचे आणि लोखंडाचे नवे रूप मिळाले, एवढेच.

बीडकाम:

माझा व्यवसाय ओतकामाचा आहे, आणि वडिलांपासून आम्ही बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कामे करत आलो आहोत, म्हणून धातूच्या बाजूने थोडे लिहितो.

फिट्झजेराल्ड कारंजे इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन गावच्या बारवेल कंपनीच्या ईगल फाउंड्रीत ओतलेले आहे. त्याचे एक जुळे भावंड होते. युवराजाच्या विवाहाच्या निमित्ताने १८६३ मध्ये नॉर्थॅम्प्टनच्या बाजारचौकात तसलेच कारंजे उभारले गेले होते, आणि ते त्या गावाची खूण बनले होते. १९६२ मध्ये ते धोकादायक ठरवून पाडण्यात आले. आपले कारंजेही त्याच दशकात उतरवले गेले. फरक असा की तिकडच्या कारंज्याचे तुकडे झाले आणि इकडचे भाग संग्रहालयाच्या आवारात राहिले, म्हणून ते ज्या गावी जन्मले तेथे आज नाही आणि मुंबईत आहे. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते.

एकासारखी दुसरी वस्तू निघते ती ओतकामाच्या पद्धतीमुळे. प्रथम लाकडाचा नमुना कोरतात, त्याला आमच्याकडे पॅटर्न म्हणतात. पेटीत वाळू ठासून त्यात तो दाबतात, काढून घेतात, आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेले बीड ओततात. वाळूचा साचा दर वेळी मोडतो, पण पॅटर्न टिकतो, म्हणून एकाच पॅटर्नवर कितीही नग निघू शकतात. असे ४० फुटांचे काम अर्थातच एका तुकड्यात होत नाही. खांब, पात्रे, नक्षीच्या पट्ट्या, दिव्यांचे हात असे वेगवेगळे भाग ओतून ते बोल्टांनी जोडतात. म्हणूनच असले कारंजे जहाजात घालून आणता येते, आणि म्हणूनच ते सुटे करून भायखळ्यालाही नेता येते. फ्लोरा फाउंटनसारखे दगडी काम असे सहज हलवता येत नाही. मेट्रोसमोरचे कारंजे गेले ते त्याच्या बांधणीमुळे सोपे झाले, आणि परत आले तेही तिच्यामुळेच.

बिडाबद्दल एक गैरसमज आहे की ते लोखंड असल्यामुळे लवकर गंजते. पोलादाच्या मानाने बीड गंजाला चांगले तोंड देते. शहरातले जुने बिडाचे नळ शंभर वर्षांनंतरही चालू असलेले जलखात्यातल्या काकांनी पाहिले असतील. त्याचा शत्रू आहे धक्का. बीड कडक पण ठिसूळ असते, वाकत नाही, तडकते. दुसरा शत्रू म्हणजे सांध्यांमधले लोखंडी बोल्ट. खाऱ्या हवेत ते गंजतात, गंज फुगतो, आणि भोवतालच्या बिडाला आतून तडा देतो. अशा वस्तूची दुरुस्ती म्हणजे वरून रंग मारणे नव्हे. रंगाचे जुने थर उतरवायचे, प्रत्येक सांधा उघडून पाहायचा, बोल्ट बदलायचे, आणि हरवलेला तुकडा असेल तर उरलेल्या जोडीच्या तुकड्यावरून नवा पॅटर्न करून तो ओतून घ्यायचा. त्यातही एक बारीक हिशेब असतो. बीड थंड होताना आकसते, दर फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच, त्यामुळे जुन्या तुकड्यावरूनच थेट साचा घेतला तर नवा तुकडा लहान निघतो आणि सांध्याला बसत नाही. पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो.

वडील मला लहानपणी बिडाच्या वस्तूवर हलकेच हातोडी मारून आवाज ऐकायला लावत. अखंड असेल तर घणघणीत वाजते, तडा असेल तर बद्द.

आझादमैदान:

सर्वांचे लेखन मनापासून आवडले, पण एक शंका मांडल्याशिवाय राहवत नाही. त्या चौकाला आज आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे नाव आहे. ज्या राजवटीविरुद्ध फडके १८७९ मध्ये उभे राहिले आणि जिच्या कैदेत १८८३ साली एडनला त्यांचा अंत झाला, त्याच राजवटीच्या गव्हर्नराचे नाव असलेले कारंजे सन्मानाने परत आणून त्यांच्याच चौकात उभे करावे, हे कितपत योग्य आहे? मी कारंज्याच्या विरोधात नाही. पण हा प्रश्न कोणाच्याच लिहिण्यात आला नाही, याचे वाईट वाटले.

काळबादेवीकर:

शंका रास्त आहे, आणि ती आधीच माझ्या उत्तरात यायला हवी होती.

मला वाटते, पुतळा आणि कारंजे यांत भेद करावा. १९६५ मध्ये काळ्या घोड्यावरचा सातव्या एडवर्डचा पुतळा हलवला गेला, त्याला अर्थ होता. पुतळ्याचे कामच मुळी त्या व्यक्तीपुढे मान वर करायला लावणे हे असते. फिट्झजेराल्डच्या कारंज्यावर आज कोणी त्या गव्हर्नराला पाहायला जात नाही, नाव माहीत असलेलेच थोडे. शिवाय कारंजे उतरवले गेले ते नावामुळे नव्हे, वाहतुकीमुळे.

दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. फ्लोरा फाउंटनचे मूळ नाव सर बार्टल फ्रिअर या गव्हर्नराचे. त्याच्याच पायाशी २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्या चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले, आणि कारंज्याशेजारी हातात मशाल घेतलेल्या शेतकरी आणि कामगाराचे स्मारक उभे राहिले. कोणी कारंजे पाडले नाही. आज तेथे उभे राहिले की दोन्ही दिसतात, आणि माथा झुकतो तो कुठे, याबद्दल मराठी माणसाच्या मनात संभ्रम नसतो. मेट्रोच्या चौकातही तसेच व्हावे. फडक्यांच्या नावाची पाटी ठळक असावी, आणि कारंज्याजवळ एक फलक असावा, ज्यावर केवळ गव्हर्नराचे नाव नसून विहारचे पाणी, फ्रामजी कावसजींचा तलाव आणि तेथे कपडे धुणारे धोबी यांचाही उल्लेख असावा.

आझादमैदान:

धोब्यांचा उल्लेख असावा ही सूचना मला सर्वांत पटली. माझी हरकत उरलेली नाही.

ठाकुरद्वारकर:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. हे सगळे मी काल रात्री काकांना वाचून दाखवले. फ्लोरा फाउंटन राणीच्या बागेसाठी होते हे ऐकून त्यांना आश्चर्य वाटले, आणि विहारच्या पाण्याचा भाग त्यांनी दोनदा वाचायला लावला.

आज सकाळी आम्ही दोघे बोरीबंदरहून पत्रात लिहिल्याप्रमाणे चालत निघालो. काकांच्या चालीनेही पाव तासाच्या आत नाक्यावर पोहोचलो. आधी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटचा शिलालेख वाचला, मग कारंज्यासमोर पदपथावर उभे राहिलो. जवळ जाऊन हातोडी मारून पाहणे अर्थातच शक्य नव्हते. गर्दी होती, तरी समोरून येणारा माणूस त्या उंच खांबाखाली उभ्या असलेल्या कोणालाही लांबून ओळखू शकेल, हे दोघांच्याही लक्षात आले. काका म्हणाले, "दादाने जागा बरोबर सांगितली होती." पत्र ज्यांना लिहिले होते ते धाकटे आजोबा आता नाहीत, पण त्यांचा मुलगा नाशिकला असतो, त्याला पत्राची प्रत आणि कारंज्याचा फोटो आज संध्याकाळी पाठवत आहोत.